शिष्यवृत्तीच्या आधीचा पैसा

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला सुरतहून फोन आला. "जय भीम ताई, झोपला नव्हतात ना?" फोन करणारा मुलगा २३ वर्षांचा. त्याचे वडील जळगाव जिल्ह्यातून सुरतला पॉवरलूमवर कामाला गेले. तो तिथेच जन्मला, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, घरातला पहिला पदवीधर झाला. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात त्याला एमएससीला प्रवेश मिळाला होता. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, ऑफर आली. पण महिनाअखेरपर्यंत दोन हजार पौंड डिपॉझिट भरायचंय. शिष्यवृत्तीची यादी कधी लागणार, कुणालाच माहीत नाही. सोडून देऊ का?"

दोन हजार पौंड म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. त्याच्या वडिलांची वर्षभराची मजुरी यापेक्षा कमी भरते.

त्याच्या त्या "सोडून देऊ का" ने मी बराच वेळ गप्प झाले, कारण हाच प्रश्न मी २०२१ मध्ये स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर 'सोड' असं दिलं होतं. मी तेव्हा २४ वर्षांची. नांदेड जिल्ह्यातलं गाव, आई अंगणवाडीत मदतनीस, बाबा गवंडी. समाजशास्त्रात एमए झालेलं. परदेशातल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात होतं, एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेला होता. वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार होते आणि यादी लागली ऑक्टोबरमध्ये. यादीत माझं नाव होतं. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायला लगेच होकार दिला. शिष्यवृत्तीच्या कार्यालयाने मात्र सांगितलं की निवड याच वर्षापुरती आहे, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा. पुढच्या वर्षी बाबा परांचीवरून पडले, पाय मोडला, आणि मी नेट-जेआरएफच्या बळावर हैदराबादला पीएचडीला आले. इथे मी वाईट आहे असं नाही. पण यादीत नाव असूनही जाता न येणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे.

परदेशी शिक्षणाबद्दल आपल्यात जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक दोन टोकांवर असतं. एका टोकाला निवड झालेल्यांचे सत्कार, फोटो, विमानतळावरचे निळे फेटे. दुसऱ्या टोकाला योजनांच्या याद्या. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, तिथे आपली मुलं गळतात. शिष्यवृत्ती ज्या खर्चासाठी असते तो खर्च आधी करावा लागतो आणि पैसा नंतर येतो. या आधीच्या पैशाला आणि आधीच्या माहितीला सवर्ण घरात कुणी 'खर्च' म्हणतही नाही, कारण तो काकाच्या खात्यातून, बाबांच्या मुदत ठेवीतून, बोस्टनमधल्या मावसबहिणीच्या सल्ल्यातून सहज निघतो. आपल्याकडे तो निघत नाही आणि मग त्याला 'मेरिट कमी पडलं' असं नाव मिळतं.

माझी २०२१ ची वही अजून माझ्याकडे आहे. पासपोर्टचे दीड हजार, आयईएलटीएसचे पंधरा हजारांच्या आसपास (आता हीच परीक्षा सतरा-अठरा हजारांत जाते), विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सस्क्रिप्ट काढायचे तीन हजार आणि त्यासाठी नांदेडला चार फेऱ्या, अर्ज शुल्क, कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं, नोटरी. पुढे न लागलेले पण लिहून ठेवलेले आकडे: व्हिसा शुल्क, क्षयरोगाची तपासणी, ब्रिटनचा आरोग्य अधिभार, विमानाचं तिकीट, तिकडच्या खोलीचं भाडं आणि अनामत. डिपॉझिट धरून बेरीज तीन लाखांच्या पुढे जात होती. ही बेरीज शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीची होती, हे लक्षात घ्या.

बाबासाहेबांचा हिशोब

आपण बाबासाहेबांचं कोलंबिया आणि लंडन अभिमानाने सांगतो. त्या शिक्षणाचा जमाखर्च मात्र फारसा सांगत नाही, आणि आज आपल्याला त्याचीच जास्त गरज आहे.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये एमए झालं, १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मात्र निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. आज आपण ज्याला प्रवेश पुढे ढकलणं म्हणतो, तेच हे.

बडोद्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्या पगारातून बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, असे तीन तुकडे जोडून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डीएससी मिळाली.

म्हणजे जगातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाचं शिक्षण एका शिष्यवृत्तीवर झालेलं नाही. ते चार ठिकाणच्या पैशावर झालं, मध्ये तीन वर्षांचा खंड पडून झालं, आणि त्यातला एक भाग मित्राकडून घेतलेली उसनवारी होती. खंड पडला म्हणून स्वतःला नालायक समजणाऱ्या प्रत्येकाने हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा.

बाबासाहेबांनी यातून वैयक्तिक चिकाटीचा धडा काढून तो आपल्यावर सोडून दिला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी सरकारला जे निवेदन दिलं, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून दरवर्षी पैसा मागितला. त्यांनी हा आपला हक्काचा वाटा म्हणून मागितला. आजच्या योजना त्या मागणीच्या वाटेवरच्या आहेत. तेव्हा कुणी 'सरकारच्या पैशावर परदेश' म्हणून टोमणा मारला तर मान खाली घालायचं काही कारण नाही.

कुणासाठी काय आहे

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही सगळ्यांत जुनी, १९५४-५५ पासूनची. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी मिळून देशभरात वर्षाला १२५ जागा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ पर्यंत, किमान ६० टक्के गुण आणि क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मधलं विद्यापीठ, अशा मुख्य अटी. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्यात जागा फक्त २०. सगळ्या देशातल्या आदिवासींसाठी वीस!

राज्यांच्या योजना वेगळ्या. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, ७५ जागांची. तेलंगणात आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी आणि मागासवर्गीयांसाठी महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाचा निधी. झारखंडमध्ये मरंग गोमके जयपालसिंग मुंडा यांच्या नावाची योजना. ते स्वतः ऑक्सफर्डला शिकले होते. कर्नाटक आणि तमिळनाडूतही अशा योजना आहेत.

या पोर्टलचे मराठी वाचक महाराष्ट्राबाहेरही खूप आहेत. सुरत, इंदूर, हैदराबाद, दिल्ली. त्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी. राज्याची योजना त्या राज्याच्या अधिवासावर चालते आणि जातीचं प्रमाणपत्र मूळ राज्यावर. सुरतच्या आमच्या मुलाचं असंच झालं होतं. जन्म आणि शिक्षण गुजरातमध्ये, जात महाराष्ट्रातली. महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास आडवा येतो, गुजरातमध्ये जात. केंद्राची योजना मात्र त्याला खुली होती. वडिलांच्या मूळ राज्यातल्या प्रमाणपत्राच्या आधारे सध्याच्या राज्यातूनही स्थलांतरितांचं प्रमाणपत्र निघू शकतं. त्यालाही महिने लागतात. शिवाय राज्याच्या नमुन्यातला नवबौद्ध दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही काढून ठेवा.

अटी दरवर्षी बदलतात, म्हणून सिनिअरच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्राने गुणांची अट ७५ टक्क्यांवर नेण्याचा आणि रकमेवर कमाल मर्यादा घालण्याचा निर्णय घेतला होता. विद्यार्थ्यांनी विरोध केल्यावर माघार घ्यावी लागली. त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

पैसा येतो, पण कधी आणि किती

तेलंगणाच्या योजनेत वीस लाखांपर्यंत मदत मिळते. पण पहिला हप्ता तिकडे उतरल्याचा पुरावा दिल्यावर आणि दुसरा पहिल्या सत्राचा निकाल दाखवल्यावर. विमानात बसेपर्यंतचा पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर योजनेत नाही. रकमेत खोट नाही, खोट तारखेत आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ, असं कळवलं गेलं. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या मुलांना जुलैमध्ये 'झाल्यास' हा शब्द वाचायला मिळणं म्हणजे काय, हे फाइलवर सही करणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

रकमेचंही पाहा. याच योजनेत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाह भत्ता ९,९०० पौंड आहे. ब्रिटनचं व्हिसा खातं लंडनमध्ये राहायला महिन्याला जवळपास दीड हजार पौंड लागतात असं धरतं, म्हणजे नऊ महिन्यांचेच तेरा हजारांच्या वर. यावर मार्ग एकच. शहर निवडताना भाडं पाहा. लंडनऐवजी शेफिल्ड किंवा ग्लासगो निवडण्यात काही कमीपणा नाही.

आणि विषयाचं काय? २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय या केंद्रीय शिष्यवृत्तीतून वगळले. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. माझा विषय जात आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन आज कुणी अर्ज केला तर या नियमाखाली नाकारला जाईल. दलितांनी परदेशात जावं, पण दलितांचा अभ्यास करायला जाऊ नये, असा याचा साधा अर्थ. तो आपण मुकाट्याने मान्य करता कामा नये.

दीड वर्षाचं कॅलेंडर

तक्रार करून मी थांबणार नाही, कारण आज हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी हातात अजून वेळ आहे. सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये कामाला लागा. तेव्हा तुम्ही कदाचित पदवीच्या शेवटच्या वर्षाच्याही आधी असाल. असू द्या.

सुरुवातीचे चार महिने फक्त कागदांचे. पासपोर्ट, जातीचा दाखला, महाराष्ट्रात असाल तर जात पडताळणी, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ट्रान्सस्क्रिप्ट. दहावीची सनद, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा. माझ्या एका मैत्रिणीचे तीन महिने बाबांच्या नावातल्या एका काना-मात्रेत गेले. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे तो लवकर दिला तरी वाया जात नाही. पण आधी विद्यापीठांना विचारा. काही जण बारावीच्या इंग्रजीचे गुण चालवून घेतात आणि मग ते सतरा हजार वाचतात.

ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगचे अर्ज सुरू होतात. तिला जात किंवा उत्पन्न लागत नाही, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आपल्याकडची अनेक मुलं शिकता शिकता काम करतात आणि ते 'अनुभव' म्हणून लिहीत नाहीत. सामाजिक संस्थेतलं, शाळेतलं, सर्वेक्षणाचं काम केलं असेल तर पत्र आणि पगाराचा पुरावा तेव्हाच्या तेव्हा घेऊन ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी हा युरोपच्या इरास्मस मुंडसचा काळ. महिना १,४०० युरो मिळतात, शिक्षण शुल्क नाही, दोन-तीन देशांत शिकता येतं. आपल्या मुलांपर्यंत हे नावच पोहोचत नाही. डिसेंबर हा अमेरिकेतल्या पीएचडीचा महिना. एक गोष्ट ठळक सांगते. अमेरिकेत सामाजिक शास्त्रांतलं एमए बहुतेक वेळा विकत घ्यावं लागतं, पीएचडीला मात्र चांगली विद्यापीठं शुल्क माफ करून वर विद्यावेतन देतात, आणि अनेक ठिकाणी एमएशिवायही थेट प्रवेश मिळतो. संशोधनच करायचं असेल तर मधल्या एमएसाठी चाळीस लाखांचं कर्ज घेऊ नका. अर्ज शुल्क माफ होतं का, ते विभागाला साध्या दोन ओळींचा ईमेल करून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नाही. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात भरावे लागतात. ते पैसे दर महिन्याला आपल्यालाच परत मिळतात, तरी अकरा-बारा लाख एकदम उभे करायचे कुठून? पुन्हा तोच आधीचा पैसा. तिथल्या डाड शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर हे खातं लागत नाही.

सरकारी योजनांच्या जाहिराती बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि त्यांना विनाअट प्रवेशपत्र हवं असतं. शेवटच्या सत्राचा निकाल किंवा भाषेची परीक्षा बाकी असेल तर विद्यापीठ सशर्त पत्र देतं, आणि तिथेच अर्ज अडकतो. आपल्या विद्यापीठांचे निकाल कधी लागतात ते मी सांगायला नको. म्हणून शक्य असेल तर पदवी हातात आल्यावर एक वर्ष काम करून मग अर्ज करा. ते वर्ष फुकट जात नाही. अनुभव होतो, कागद होतात, थोडी बचत होते.

कन्सल्टन्सीपासून जपून राहा. ते आपल्याकडून फी घेत नाहीत म्हणून भले वाटतात. त्यांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. त्यामुळे जिथे कमिशन आहे तिकडेच ते नेतात, आणि ते विद्यापीठ शिष्यवृत्तीच्या क्रमवारीत बसतं की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अशा विद्यापीठात शुल्क भरून बसलेली आणि मग योजनेत अपात्र ठरलेली दोन मुलं मी स्वतः पाहिली आहेत.

एसओपीबद्दल एकच. आपली गरिबी विकू नका. आई-बाबांचे कष्ट एका परिच्छेदात सांगा, पण उरलेल्या पानावर तुमचा प्रश्न असू द्या. बाप पॉवरलूमवर आहे हे कळल्याने प्रवेश समितीला हळहळ वाटेल. पॉवरलूममधल्या बारा तासांच्या पाळीबद्दल तुम्हाला काय कळलंय जे पुस्तकात नाही, हे वाचल्यावर ती तुम्हाला बोलावेल.

कर्ज आणि भिशी

शेवटी सगळे म्हणतात, कर्ज काढ. बँका साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात. त्यापुढे तारण लागतं, किंवा ठरावीक विद्यापीठांसाठी तारणाऐवजी सहकर्जदाराचा भक्कम पगार. आमचं घर गावठाणात, बौद्धवाड्यात आहे. त्याला सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. तो पाहून बँकेतल्या साहेबांनी कागद हळूच माझ्याकडे परत सरकवला होता. जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हा जातीचा जुना हिशोब तारणाच्या रकान्यात आजही तसाच चालतो. त्यामुळे कर्ज हा आपल्यासाठी शेवटचा तुकडा असावा, पहिला नको. तो घेताना तिकडून परत आल्यावर इथल्या पगारात हप्ता फिटेल का, एवढाच प्रश्न विचारा. तिकडे नोकरी मिळेलच असं धरून कर्ज काढू नका.

मग आधीचा पैसा आणायचा कुठून? याचं उत्तर मला माझ्या आईने दिलं. २०२१ मध्ये माझं जाणं रद्द झालं तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्यात एवढी शिकलेली पोरं आहेत, तुमची एक भिशी नाही का गं?" तिच्या बचत गटात बाया महिन्याला शंभर-दोनशे टाकतात आणि कुणाचं बाळंतपण, कुणाचं पत्र्याचं छप्पर निघतं. आम्ही मात्र सोशल कॅपिटलवर पेपर लिहीत होतो.

२०२३ मध्ये आम्ही नऊ जणांनी भिशी सुरू केली. कुणी पीएचडीला, कुणी बँकेत, एक जण रेल्वेत. महिन्याला प्रत्येकी तीन हजार. नियम तीनच. पैसा फक्त शिष्यवृत्तीच्या आधीच्या खर्चाला. व्याज नाही, पहिला हप्ता आला की आधी भिशी परत. आणि ज्याला पैसा दिला त्याने पुढच्या दोघांचे कागद तपासून द्यायचे. आजवर सहा जणांना मदत झाली. त्यातल्या चौघांचा खर्च पन्नास हजारांच्या आतला होता. पन्नास हजारांसाठी माणूस मागे राहतो, हे लिहितानाही राग येतो.

हे मॉडेल म्हणून मिरवायचं नाही. नऊ जणांची भिशी सरकारची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. आपल्या मागण्या स्पष्ट असायला हव्यात. परदेशातली विद्यापीठं सप्टेंबरमध्ये सुरू होतात हे गुपित नाही, तेव्हा निवड याद्या मेअखेर लागल्या पाहिजेत. निवड होताच डिपॉझिट, व्हिसा आणि तिकिटासाठी आगाऊ रक्कम मिळाली पाहिजे. यादी उशिरा लागली तर निवड पुढच्या वर्षी ग्राह्य धरली पाहिजे. भारतावरच्या सामाजिक अभ्यासाला घातलेली बंदी उठली पाहिजे. आदिवासींच्या वीस जागा वाढल्या पाहिजेत. यातल्या पहिल्या तीन मागण्यांना योजनेतला पैसा फारसा वाढवावाही लागत नाही, फक्त तो वेळेवर सोडावा लागतो.

कुणी म्हणेल, परदेशात जाऊन तरी काय, जात तिकडेही आहे. आहेच. म्हणून तर सिएटलला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. परदेश ही सुटका नव्हे आणि प्रत्येकाने गेलंच पाहिजे असंही नाही. पण न जाणं ही आपली निवड असावी. ते कुणाच्या टेबलावरच्या फाइलने ठरवू नये.

सुरतच्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्या रात्री आम्ही त्याच्याकडून विद्यापीठाला तीन प्रश्नांचा ईमेल लिहून घेतला. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज प्रलंबित आहे, तर मुदत वाढेल का? डिपॉझिट कमी होईल का? शिष्यवृत्ती मिळाली नाही तर ते परत मिळेल का? चार दिवसांत उत्तर आलं. मुदत तीन आठवड्यांनी वाढली. रक्कम कमी झाली नाही. शिष्यवृत्ती नाकारल्याचं पत्र दिलं तर पैसे परत मिळतील, हे लेखी मिळालं. भिशीत एक लाख चाळीस हजार होते, उरलेले चौघांनी उसने दिले. डिपॉझिट भरलं.

यादी अजून लागलेली नाही. तो रोज सकाळी लूमवर जाण्याआधी वडिलांना विचारू न देता वेबसाइट उघडून बघतो. मीही बघते. त्याचं नाव नसलं तर पुढच्या वर्षीचा अर्ज कसा करायचा ते आम्ही दोघांनी आधीच लिहून ठेवलं आहे, आणि विद्यापीठाने एक वर्ष थांबायला होकार दिला आहे.

तुमच्या गावात, वस्तीत, हॉस्टेलमध्ये असा एखादा फोन रात्री साडेअकराला आला, तर त्याला 'सोड' म्हणू नका. आधी विचारा, किती कमी पडतायत आणि कोणत्या तारखेपर्यंत?

जय भीम.